घडीवर विरलेला शालू

गरजेपुरते ठेवावे आणि उरलेले ज्याच्या उपयोगी पडेल त्याच्या हाती कृतज्ञतेने द्यावे, असे कोणी म्हटले की त्यावर दोन आक्षेप हटकून येतात. पहिला असा की, वस्तू जपून ठेवणे हीच तिच्याविषयीची कृतज्ञता. वाडवडिलांनी टंचाईच्या दिवसांत एकेक करून जोडलेला जिन्नस घराबाहेर काढणे हा कृतघ्नपणा होय. दुसरा असा की, अपरिग्रह हा पोट भरलेल्यांचा विलास आहे.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर मला आईच्या पत्र्याच्या ट्रंकेत मिळाले. तिच्या पश्चात ती उघडली, तेव्हा मलमलीच्या फडक्यात गुंडाळलेला तिच्या लग्नातला शालू डांबरगोळ्यांच्या वासासकट हाती आला. परंतु उलगडू गेलो तो प्रत्येक घडीवर रेशीम विरलेले, आणि जरीच्या भाराने काठ सुटून आलेले. ट्रंकेवरच तिच्या रोजच्या नेसण्यातील जुनेरांची, दाट धावदोऱ्याने शिवलेली गोधडी होती. ती तीन नातवंडांना पुरून आजही आमच्या अंथरुणात आहे. शालूवर आईचे प्रेम कमी होते असे कोण म्हणेल? परंतु लग्नानंतर त्याला अंगाची ऊब पुन्हा कधी लाभलीच नाही. आपल्याकडे खंडेनवमीला विळा, कोयता, करवत धुऊन पुजतात आणि सण सरताच पुन्हा कामाला लावतात. हत्याराचे उपकार मानण्याची ती रीत मला ट्रंकेच्या कुलुपापेक्षा अधिक प्रामाणिक वाटते.

दुसरा आक्षेप गंभीर आहे, आणि त्याचा काही भाग मी बिनशर्त मान्य करतो. जिच्या घरी दुसरे लुगडे नाही तिला त्यागाचा उपदेश करणे हे क्रौर्य आहे. आणि जुने सामान भंगारात घालून त्याजागी महागडा साधेपणा विकत आणणे ही खरेदीचीच एक तऱ्हा होय. तथापि एवढ्यावरून अपरिग्रह हा सुखवस्तूंचा छंद ठरत नाही. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात पत्नी आणि पुत्र गमावलेल्या तुकोबांनी सावकारीची खते इंद्रायणीत बुडविली, असे चरित्रपरंपरा सांगते. आणि तीच परंपरा हेही सांगते की धाकट्या कान्होबाच्या वाट्याची निम्मी खते त्यांनी आधी त्याच्या स्वाधीन केली व पाण्यात सोडली ती केवळ स्वतःची. दुसऱ्याच्या हक्काला हात न लावता केलेल्या या त्यागाने कित्येक ऋणको मोकळे झाले, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. शेंडगावच्या परिटाच्या घरी जन्मलेल्या गाडगेमहाराजांची मालमत्ता म्हणजे चिंध्यांचे वस्त्र, खराटा आणि गाडगे. तरी त्यांच्या प्रेरणेने ठिकठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या, आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. दुष्काळाने पोळलेला वाणी आणि परिटाचा मुलगा, यांच्यापैकी पोट भरलेला कोण होता?

ट्रंकेत आईची एक पैठणीही होती, ती अजून शाबूत होती. मी ती भाचीला दिली, आणि घडी मोडायची या अटीवर दिली. गेल्या माघात तिने ती घरच्या लग्नात नेसली. पंगतीत वाढताना पदरावर वरणाचा डाग पडला. ती कावरीबावरी होऊन माझ्याकडे आली, आणि मला मात्र, इतक्या वर्षांनी, आई स्वयंपाकघरातून बाहेर आल्यासारखे वाटले.