विलगीकरणात गावाला गोष्ट कोण सांगणार?

अहिल्यानगर : ४ ऑक्टोबर २०२१ रोजी राज्यात शाळांची घंटा पुन्हा वाजली. त्याच दिवशी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील ६१ गावांत मात्र करोना रुग्ण वाढल्याने दहा दिवसांची टाळेबंदी लागू झाली. राज्य मोकळे होत असताना ही गावे पुन्हा घरात कोंडली गेली. अशा वेळी गावकऱ्यांशी कोणी आणि कोणत्या भाषेत बोलायचे, या प्रश्नाचा विचार साथ ओसरल्यावर मागे पडला.

जमावबंदीने बाजारांबरोबरच कीर्तन, भारूड, तमाशा आणि यात्राही थांबवल्या. गावाने एकत्र बसून गोष्ट ऐकण्याची ठिकाणेच नाहीशी झाली. त्यांची जागा घेणाऱ्या मोबाइलवर आदेश, आकडे आणि अफवा यांचीच गर्दी होती. आदेशाने माणूस घरात बसतो. परंतु रुग्णाच्या घराकडे पाठ फिरवणाऱ्या शेजाऱ्याच्या मनातील भीती आदेशाने जात नाही. तेथे ओळखीच्या बोलीतील गोष्टच कामी येते.

२० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर सुरू झालेली 'टिलीमिली' ही मालिका पहिली ते आठवीच्या मुलांसाठी स्तुत्य प्रयत्न होती. तथापि साऱ्या राज्यासाठीच्या एका कार्यक्रमात अकोले तालुक्यातील ठाकरवाडीचे किंवा पाथर्डीच्या ऊसतोड कुटुंबाचे अनुभव मावणे कठीणच.

ही उणीव अॅनिमेशन भरून काढू शकते. त्यासाठी नटांना एकत्र आणावे लागत नाही. चित्रे एका घरात, आवाज दुसऱ्या घरात आणि जुळवणी तिसऱ्या घरात होऊ शकते. खर्चाचा बाऊ करण्याचेही कारण नाही. दादासाहेब फाळके यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात आगकाड्या थोड्या थोड्या सरकवत, एकेक चौकट टिपून 'आगकाड्यांची मौज' साकारली होती.

चित्रामागून चित्र दाखवत कथा सांगण्याची चित्रकथी परंपराही महाराष्ट्राचीच. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना तिच्या जतनासाठी २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. मोबाइलवरील अॅनिमेशन हे तिचेच पुढचे पाऊल ठरू शकते.

मात्र साथ आल्यावर गोष्टी गोळा करता येत नाहीत. जिल्हा परिषद शाळांचे शिक्षक, आशा सेविका आणि लोककलावंत यांनी करोनाकाळातील अनुभव आताच मुलांकडून चित्रित करून घेतले, तर पुढच्या संकटात बंद दारापलीकडे जाणारा आवाज गावाचा स्वतःचा असेल.