भाताचा हमीभाव आणि आपला गल्ला

बोईसर-तारापूरच्या कारखान्यांमुळे आपल्यातील बऱ्याच व्यापारी बांधवांचा समज झाला आहे की, बाजार चालतो तो एम.आय.डी.सी.च्या पगारावर. बोईसरपुरते ते काही अंशी खरे असेल. पण मनोर, कासा, विक्रमगड, वाडा येथे कापड, चप्पल, भांडी, पत्रे विकणाऱ्याला विचारा. त्याचे वर्ष भाताच्या खळ्यावर अवलंबून असते. म्हणून भाताच्या सरकारी भावाचा प्रश्न शेतकऱ्याचा आहे, आपला नाही, असे म्हणून चालणार नाही.

सरकारी कागदावर त्याला 'धान' म्हणतात, आपल्याकडे भात. साधारण प्रतीच्या भाताचा हमीभाव 2014-15 मध्ये क्विंटलला 1,360 रुपये होता; 2025-26 च्या हंगामासाठी तो 2,369 रुपये ठरला. आकडा वाढला यात शंका नाही. प्रश्न तो हातात कधी पडतो हा आहे. आदिवासी भागात खरेदी आदिवासी विकास महामंडळामार्फत होते. त्यासाठी सातबारा, पीकपेरा, बँक खाते यांची ऑनलाइन नोंदणी लागते, आणि भातात ओलावा 17 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. हळवे भात मात्र दसऱ्याच्या आसपासच कापले जाते. सणाला पैसा लागतो, दुकानाची उधारी उभी असते, आणि केंद्राचे दार अजून बंद असते. अशा वेळी दारात टेम्पो घेऊन येणारा व्यापारीच त्याला जवळचा वाटतो.

समजा त्याने 1,800 रुपयांनी भात घेतले. वीस क्विंटलमागे 11,380 रुपये कमी झाले. हे पैसे गेले कुठे? एकाच्या खिशात. तेच वीस-पंचवीस घरांत राहिले असते तर शिंप्याकडे, लोहाराकडे, पंप दुरुस्त करणाऱ्याकडे आले असते. टेम्पोवाल्यांत आपलेही बांधव आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. जोखीम, भाडे, हमाली त्यांनाही असते आणि रोख पैसे तेच देतात, हे मान्य. परंतु उधारीच्या वहीवर भाव पाडणे आणि काट्यात किलो-दोन किलो मारणे याला व्यापार म्हणत नाहीत.

आता बोनसकडे पाहू. 2019-20 आणि 2020-21 मध्ये राज्य सरकारने क्विंटलमागे 700 रुपये दिले. वजनावर बोनस म्हटले की, दुसऱ्याचे भात आपल्या सातबाऱ्यावर खपवण्याचा मोह आलाच. पुढे पद्धत बदलली. 2022-23 साठी हेक्टरी 15,000 आणि 2023-24 साठी हेक्टरी 20,000 रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत. मोह कमी झाला, पण दुसरीच अडचण उभी राहिली. पैसा जमिनीच्या नावावर जातो. अर्धा हेक्टर खंडाने कसणाऱ्याने चिखलात उभे राहून लावणी केली आणि 10,000 रुपये सातबाऱ्यावर नाव असलेल्याच्या खात्यात गेले, असे घडू शकते. आपला गिऱ्हाईक बहुधा हा कसणाराच असतो.

देशात हमीभावाने विकणारे शेतकरी सुमारे सहा टक्केच, असे शांताकुमार समितीने 2015 मध्ये सांगितले होते. त्यावरून काही मंडळी म्हणतात, मग हमीभाव हवाच कशाला? आमच्या मते हा तर्क उलटा आहे. केंद्र वेळेवर उघडले तर बाहेरच्या भावालाही टेका मिळतो, आणि केंद्रावर न जाणाऱ्यालाही त्याचा फायदा होतो.

वाडा कोलमला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या भाताला हमीभावाच्या काट्याची गरज नाही. त्याला हवा आहे खरा वाडा कोलम विकणारा दुकानदार. भलताच तांदूळ त्या नावाने पिशवीत भरणारे कमी नाहीत. गिरणीवाले आणि किराणावाले बांधव येथे थेट शेतकऱ्याशी करार करून हमीभावाच्या वर भाव देऊनही नफा काढू शकतात.

आपल्या व्यापारी संघटना रस्ता, वीज, पार्किंग यांसाठी निवेदने देतात. यंदा एक निवेदन याचेही द्यावे: भात खरेदी केंद्रे दिवाळीपूर्वी उघडा, बारदान आधी पोहोचवा, आणि चुकाऱ्याची तारीख पावतीवरच लिहून द्या.