चहासाठी गाडी थांबलीच पाहिजे

मोटारीच्या सुट्या सामानाच्या दुकानांत आणि ऑनलाइन बाजारात गाडीतच पाणी उकळण्याची साधने आता सहज मिळतात. कुठे मोठ्या पेल्याएवढी किटली, कुठे पाण्यात बुडवायची छोटी कॉइल, तर कुठे बाळाच्या दुधाच्या बाटलीभोवती गुंडाळायची गरम पट्टी. या सगळ्यांची वायर डॅशबोर्डवरच्या त्याच गोल सॉकेटमध्ये खोचायची असते, ज्यावर एरवी मोबाइल चार्ज होतो. रात्रपाळीचा कॅबचालक, रुग्णवाहिकेचा सारथी, चार-चार दिवस घराबाहेर असणारा मालट्रकचालक, तान्हे बाळ घेऊन गावी निघालेले कुटुंब या सर्वांना मध्यरात्री गरम पाण्याची गरज लागते आणि त्या वेळी टपरी उघडी असतेच असे नाही. तेव्हा ही हौसेची चैन म्हणून उडवून लावण्याजोगी गोष्ट नव्हे. मात्र ही साधने काय करू शकतात, काय करू शकत नाहीत आणि कधी घात करतात, हे वापरणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे.

सुरुवात साध्या हिशेबापासून करू. एक ग्रॅम पाण्याचे तापमान एका अंशाने वाढवायला सुमारे ४.२ ज्यूल ऊर्जा लागते. पाव लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीपर्यंत न्यायचे तर सुमारे ७८ हजार ज्यूल हवेत. घरातली १५०० वॅटची विजेची किटली हे काम मिनिटभरात उरकते. मोटारीतला सॉकेट १२ व्होल्टचा असतो आणि त्याच्या मागचा फ्यूज बहुधा १० ते १५ अँपिअरचा. म्हणजे त्यातून सुरक्षितपणे मिळणारी शक्ती फार तर १२० ते १८० वॅट. १२० वॅटच्या किटलीला तेच पाव लिटर पाणी उकळायला, उष्णतेचा एक कणही वाया गेला नाही असे धरले तरी, ११ मिनिटे लागतात. प्रत्यक्षात भांड्याच्या कडांतून आणि झाकणातून उष्णता निसटत राहते, त्यामुळे पंधरा-वीस मिनिटे गेली तर नवल नाही. ‘पाच मिनिटांत उकळते पाणी’ अशी जाहिरात एवढ्या पाण्यासाठी आणि या सॉकेटवर कोणी करत असेल, तर ती पदार्थविज्ञानाच्या नियमांना धरून नाही.

या संथपणातूनच पुढचे धोके निपजतात. हा सॉकेट मुळात सिगारेट पेटवण्याच्या लायटरसाठी आला. त्या लायटरची तार जेमतेम दहा-पंधरा सेकंद तापायची आणि बाहेर निघायची. किटली तिथे पाव तास सलग दहा अँपिअर प्रवाह ओढते. प्लगच्या टोकाची स्प्रिंग सैल झाली असेल किंवा सॉकेटमध्ये धूळ-गंज साचला असेल, तर त्या जोडापाशी विजेला अडथळा होतो. हा अडथळा फक्त एक दशांश ओहम असला, तरी दहा अँपिअरच्या प्रवाहाने तिथे दहा वॅट उष्णता तयार होते, आणि तीही बोटाच्या पेराएवढ्या जागेत. प्लास्टिक मऊ पडणे, जळका वास येणे, प्लग हाताला चटका देण्याइतका तापणे या त्याच्या खुणा आहेत. अशी एकही खूण दिसली की साधन काढून ठेवावे.

फ्यूज उडाला तर त्याने आपले काम चोख केले, असे समजावे. आपल्याकडे मात्र उडालेल्या फ्यूजच्या जागी जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा चक्क तारेचा तुकडा बसवण्याचा ‘जुगाड’ सर्रास चालतो. तसे केल्यावर जास्तीचा प्रवाह फ्यूज जाळत नाही, डॅशबोर्डमागची वायर तापवतो. ती वायर कुठे आणि कधी पेट घेईल हे बाहेरून दिसत नाही.

मालट्रकवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट जिवाभावाची आहे. मोटारीत १२ व्होल्ट असतात, पण बहुतेक अवजड ट्रक आणि बसगाड्यांत २४. व्होल्टेज दुप्पट झाले की त्याच कॉइलमधली शक्ती दुप्पट होत नाही, चौपट होते. १२ व्होल्टवर १२० वॅटची असलेली कॉइल ट्रकच्या सॉकेटमध्ये खोचली, तर ती ४८० वॅट आणि २० अँपिअर मागते. फ्यूज उडाला तर नशीब. नाही तर कॉइल जळते किंवा प्लग वितळतो. साधनावर लिहिलेले व्होल्टेज वाचून, गाडीशी ताडून मगच ते घ्यावे. घरची २३० व्होल्टची किटली छोट्या इन्व्हर्टरवर चालवायचा प्रयत्न तर करूच नये. दीडशे वॅटच्या इन्व्हर्टरकडून दीड हजार वॅट मिळणार कुठून?

बॅटरीचेही गणित आहे. लहान मोटारीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची असते. इंजिन बंद ठेवून एक कप पाणी उकळले तर अडीच अँपिअर-तास खर्च होतात. एका कपाने फारसे बिघडत नाही. परंतु रात्रभरात चार-पाच कप झाले, बॅटरी जुनी असली आणि पहाट गारठ्याची असली, तर स्टार्टरला क्षणभर लागणारा शंभराहून अधिक अँपिअरचा प्रवाह ती देऊ शकत नाही. मग घाटात किंवा आडरानात गाडी ढकलायची वेळ येते. विजेवरच्या मोटारीत मुख्य बॅटरी मोठी असली, तरी डॅशबोर्डवरचा सॉकेट तोच १२ व्होल्टचा असतो. तिथेही वेळ आणि प्लगची मर्यादा बदलत नाही.

यावर ‘गाडी चालू असतानाच किटली लावावी, म्हणजे पोहोचेपर्यंत चहा तयार’ अशी तोड काढली जाते. सगळ्यांत मोठा धोका नेमका याच तोडीत आहे. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा आहे. त्या वेगाने गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. किटलीचे झाकण नीट बसले का, हे बघायला दोन सेकंद नजर वळली तर ६६ मीटर रस्ता न बघता मागे पडतो. अचानक ब्रेक लागला तर उकळते पाणी पुढे उसळते, ते चालकाच्या मांडीवर, पायांवर. डॅशबोर्डवर चिकटवलेली किटली एअरबॅगच्या वाटेत असेल, तर निमिषार्धात फुगणारी ती पिशवी किटलीला माणसाच्या तोंडावर भिरकावते. जीव वाचवण्यासाठी बसवलेल्या यंत्रणेचेच हत्यार होते.

उकळत्या पाण्याने भाजणे ही किरकोळ बाब नाही. ६० अंशांचे पाणीही प्रौढ माणसाची कातडी पाचेक सेकंदांत खोलवर भाजते. त्याहून गरम पाण्याला सेकंदभर पुरतो. लहान मुलांची त्वचा पातळ असल्याने त्यांना आणखी कमी वेळ लागतो, आणि सीटच्या पट्ट्यात अडकलेल्या मुलाला चटकन बाजूलाही होता येत नाही. असे घडलेच तर भिजलेले कपडे, अंगठ्या, बांगड्या लगेच काढाव्यात. कातडीला चिकटलेले कापड मात्र ओढू नये. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे गार पाणी सोडत राहावे. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप यांतले काहीही लावू नये. मग स्वच्छ कापडाने झाकून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. प्रवासात पाण्याच्या दोन बाटल्या जास्त ठेवाव्यात, त्या यासाठीही.

बाळाच्या दुधाबाबत वेगळी खबरदारी लागते. बाटलीची गरम पट्टी दूध तासन्‌तास कोमट ठेवते आणि पालकांना ती सोय वाटते. पण कोमट दूध म्हणजे जंतूंच्या वाढीला आयते वातावरण. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान ते झपाट्याने वाढतात. काढून ठेवलेले आईचे दूध गार डब्यात न्यावे, पाजायच्या वेळीच कोमट करावे आणि ते ४० अंशांच्या वर तापवू नये. डब्यातली दूधभुकटी कालवायला जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार किमान ७० अंशांचे पाणी लागते, कारण भुकटीतही जंतू असू शकतात. कालवलेले दूध निववून, मनगटावर थेंब टाकून पाहूनच पाजावे. दोन तासांहून जास्त वेळ बाहेर राहिलेले टाकून द्यावे. मोठ्यांनीही घाईत वाफाळता चहा घशाखाली ढकलू नये. ६५ अंशांहून अधिक गरम पेये अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरतात, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये म्हटले आहे. पाच मिनिटे कप हातात धरून बसणे हा त्यावरचा फुकटचा उपाय.

विजेच्या किटलीला नावे ठेवून चालक पुन्हा केबिनमधल्या स्टोव्हकडे वळणार असतील, तर ते आगीतून फुफाट्यात पडणे ठरेल. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड मालट्रकच्या केबिन वातानुकूलित असणे बंधनकारक झाले आहे. चालकांच्या दृष्टीने हा निर्णय चांगलाच आहे. पण काचा लावलेल्या केबिनमध्ये गॅसची शेगडी किंवा रॉकेलचा स्टोव्ह पेटवला, तर कार्बन मोनॉक्साइड साठू शकतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके दुखते, गुंगी येते आणि झोपलेला माणूस उठतच नाही. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून किटली लावण्यातही हाच धोका आहे.

मग करायचे काय? सव्वाशे वर्षांहून जुना आणि साधा उपाय हाताशी आहे. १८९२ मध्ये जेम्स ड्यूअर या शास्त्रज्ञाने प्रयोगशाळेसाठी दुहेरी भिंतीचे निर्वात भांडे तयार केले, त्याचाच घरगुती अवतार म्हणजे थर्मास. भरण्याआधी तो उकळत्या पाण्याने खंगाळून घ्यावा. मग त्यात दुधाचा चहा न भरता नुसते उकळते पाणी भरावे. चहाची पुडी आणि दूधभुकटी वेगळी ठेवावी. चांगल्या थर्मासमध्ये रात्री भरलेले पाणी पहाटेही चहाजोगे गरम राहते. त्याला फ्यूज नाही, वायर नाही. विजेचे साधन वापरायचेच असेल, तर गाडी सुरक्षित जागी उभी करून, आपोआप बंद होणारे, पक्क्या झाकणाचे आणि गाडीच्या व्होल्टेजचे घ्यावे. कॉइल पाण्याबाहेर असताना कधीही चालू करू नये.

या साऱ्यापेक्षा मोठा मुद्दा झोपेचा आहे. चालत्या गाडीत चहा हवासा वाटतो, तो अनेकदा डोळे मिटू लागलेले असतात म्हणून. चहा-कॉफीतल्या कॅफीनचा पुरता परिणाम जाणवायला साधारण अर्धा तास लागतो, आणि झोपेची थकबाकी कॅफीन फेडत नाही, फक्त पुढे ढकलते. कप रिकामा करून पंधरा-वीस मिनिटे सीटवर डुलकी काढणे हे दोन्हींपैकी एकापेक्षा अधिक उपयोगी. टपरीवरचा चहा आजवर चालकांना तारत आला, त्यात पातेल्यातल्या पत्तीइतकाच वाटा खाली उतरून चार पावले चालण्याचा होता. किटली डॅशबोर्डवर आली की उतरण्याचे ते निमित्तच जाते.

म्हणूनच हा प्रश्न एकट्या चालकावर ढकलून मोकळे होता येणार नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती ठरवून दिली होती. इतक्या वर्षांनंतरही माल वेळेत पोहोचवण्याच्या दडपणाखाली ती विश्रांती सगळ्यांत आधी कापली जाते. २०२५ च्या जूनमध्ये पूर्ण खुल्या झालेल्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गासारख्या रस्त्यांवर चालकाला थांबावेसे वाटले, तर उजेड, स्वच्छतागृह, पाणी आणि रात्री चालू असलेला चहा मिळेल अशी जागा ठरावीक अंतराने असलीच पाहिजे. ती नसेल तर तो एक तर थांबणार नाही, किंवा रस्त्याच्या कडेला अंधारात उभा राहील आणि मागून येणाऱ्या वाहनाचे भक्ष्य होईल. वाहतूक कंपन्यांनीही गाडी पोहोचण्याची वेळ ठरवताना हा अर्धा तास त्यात धरावा. विश्रांतीच्या नावाने चालकाची हजेरी किंवा भत्ता कापला जाणार असेल, तर तो थांबणार नाही आणि किटली मात्र विकत घेईल.