हिरवळीचा हिशेब

गोल्फचं नाव काढलं की आपली पोरं हसतात. साहेबांचा खेळ, आपला काय संबंध? संबंध पाण्याचा आहे. 1927 साली महाडच्या तळ्यावर आपली माणसं पाण्यासाठीच मार खाऊन आली. तेव्हा हिशेब मांडायचा हक्क आपला.

देवळाली कॅम्प म्हणजे तोफखान्याचं गाव. शेजारून दारणा वाहते. तिथंही गोल्फचं मैदान आहे. आणि एकटं तेच नाही. देशात लष्कराच्या जमिनीवर अशी 97 मैदानं, आठ हजार एकरांवर, हे 2011 साली महालेखापरीक्षकांच्या अहवालानंच सांगितलं.

उन्हाळ्यात गवताला दिवसाला 5 मिलिमीटर पाणी धरा. हेक्टरी झाले 50 हजार लिटर. 20 हेक्टर भिजवलं की 10 लाख. जलजीवन मिशन खेड्यातल्या माणसाला रोज 55 लिटर देऊ म्हणतं. म्हणजे एका दिवसाची हिरवळ 18 हजार माणसांचं पाणी पिते!

शहाणे म्हणतील, नवीन तंत्र आणा. आणा की! ओल मोजणारी यंत्रं पुरा, पहाटे पाणी द्या, भोकाभोवतीची हिरवळ तेवढी भिजवा, कडेचं रान कोरडं सोडा. बर्म्युडा म्हणून जे गवत मिरवतात ते आपल्या हरळीच्याच कुळातलं. आपल्या आया शेतातून कंबर मोडेस्तोवर जी खणून काढतात ती हरळी. थोडक्या पाण्यावर जगते. तिला लाड नको.

गटाराचं पाणी शुद्ध करून वापरा. 2016 च्या दुष्काळात लातूरला रेल्वेनं पाणी जात होतं, तेव्हा क्रिकेटवाल्यांनी हायकोर्टात हेच पाणी वापरायची तयारी दाखवली. तरीही मे महिन्यातले आयपीएलचे बहुतेक सामने महाराष्ट्राबाहेर गेलेच. कोर्टानं दम भरला तेव्हा कुठं यांना गटाराचं पाणी आठवलं. पण एक अट. त्या गटारात, त्या टाकीत आपला माणूस उतरवायचा नाही. 2013 चा कायदा आहे, तो कागदावर ठेवायला नव्हे.

आणि खरा सवाल पुढंच आहे. वाचलेलं पाणी गेलं कुठं? त्याच पाण्यावर आणखी चार एकर हिरवळ वाढवली तर वाचवलं काय, डोंबल?

गोदीत माल उतरला की नग मोजून पावती होते. पाण्याचीही व्हायला पायजे. प्रत्येक मैदानाला मीटर लावा. महिन्याचा आकडा फाटकावर लिहा. नदीचं, धरणाचं पाणी बंद करा. वाचेल ते आधी शेजारच्या वस्तीच्या नळाला सोडा. मग खुशाल खेळा.