आजोबांशी पत्ते कोण खेळणार?

दरवर्षी १ ऑक्टोबरचा जागतिक ज्येष्ठ नागरिक दिन आला, की आपल्याकडच्या महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेची मुले वृद्धाश्रमात जातात. केळी-सफरचंदांचे वाटप होते, एखादे समूहगीत होते, प्राचार्यांचे दोन शब्द होतात, फोटो निघतो आणि दीड तासात गाडी परत फिरते. हेतू चांगला असतो, त्याला नावे ठेवायची नाहीत. पण डॉक्टर म्हणून विचाराल, तर या भेटीचा वृद्धांच्या प्रकृतीला उपयोग जवळजवळ नाही. उलट मधुमेहाच्या रुग्णाच्या हातात दोन केळी आणि पेढा पडतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच कॉट आणि समोर तीच भिंत.

नेदरलँड्समधील डेव्हेंटर या गावी ह्युमॅनिटास नावाचा वृद्धाश्रम आहे. तिथे सुमारे १६० वृद्धांची सोय आहे. २०१२ च्या सुमारास तिथल्या सरकारने वृद्धांच्या निवासाच्या खर्चाला कात्री लावली, तशा खोल्या रिकाम्या पडू लागल्या. त्याच वेळी कॉलेजच्या मुलांना परवडेल अशी खोली मिळणे कठीण झाले होते. संचालिकाबाईंनी दोन्ही अडचणींची सांगड घातली. सहा विद्यार्थ्यांना आश्रमातच बिनभाड्याच्या खोल्या दिल्या. अट एकच : महिन्याला ३० तास चांगला शेजारी म्हणून वागायचे. म्हणजे बरोबर जेवायचे, गप्पा मारायच्या, संगणक शिकवायचा, कुणी आजारी असेल तर जवळ बसायचे. शुश्रूषा मात्र कर्मचाऱ्यांनीच करायची. अमेरिकेत क्लीव्हलँड शहरातील जडसन मॅनर या वृद्धनिवासात २०१० पासून संगीत शिकणारी मुले अशीच राहू लागली. ती तिथल्या रहिवाशांसाठी वाजवतात, त्यांना हक्काचा श्रोता मिळतो.

कुणी म्हणेल, ही मुले भाडे वाचवायला येतात, प्रेमापोटी नव्हे. असेना का! आपल्या वाड्यांतले शेजारी तरी एकमेकांना पारखून कुठे राहायला आले होते?

महिन्याला ३० तास म्हणजे रोजचा एक तास. औषधाचा डोस जसा वेळेवर लागतो, तसेच हे आहे. कुणीतरी ठरलेल्या वेळी येणार हे ठाऊक असले, की माणूस दाढी करतो, धुतलेला सदरा घालतो, व्हरांड्यापर्यंत चालत जातो. सोबतीला कुणी असेल तर दोन घास जास्त जातात. वृद्धांमधले नैराश्य पुष्कळदा 'मला उदास वाटते' असे सांगत येत नाही. ते भूक नाही, झोप नाही, पोट साफ नाही, अंग दुखते अशा तक्रारींतून येते. मग घरचे टॉनिक मागतात आणि आम्हीही लिहून देतो. (टॉनिकच्या बाटल्यांवर या जिल्ह्यात किती पैसा जातो, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

दुसरा फायदा याहून मोठा. म्हातारपणी न्यूमोनिया किंवा लघवीचा जंतुसंसर्ग झाला, तर ताप येईलच असे नाही. कित्येकदा माणूस एकाएकी असंबद्ध बोलू लागतो, हेच पहिले लक्षण असते. 'वय झाले' म्हणून ते सोडून दिले जाते. पण आठवड्यातून तीनदा पत्ते खेळणाऱ्या मुलाला, आज आजोबांना राजा आणि गुलाम यांतला फरक कळत नाही, हे लगेच ध्यानात येते. परवापर्यंत ठीक होते हे सांगणारा असा माणूस असला, की आमचे निम्मे निदान झालेले असते.

याला संशोधनाचाही आधार आहे. २०१० साली अमेरिकेत १४८ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले गेले. तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती त्यात होती. ज्यांचे लागेबांधे घट्ट, त्यांची त्या काळात जगण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त आढळली. आजारी माणसाचे येणे-जाणे तुटते हेही खरेच. पण सुरुवातीच्या प्रकृतीमुळे या निष्कर्षात फरक पडला नाही.

आता मुलांकडे पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या जून २०२५ च्या अहवालानुसार १३ ते २९ वयोगटातील १७ ते २१ टक्के मुलामुलींना एकाकी वाटते. हे प्रमाण वृद्धांपेक्षा जास्त आहे. परीक्षा आल्या की छातीत धडधड, पोटात गोळा म्हणून येणारी मुले प्रत्येक डॉक्टर पाहतो. खेड्यातून येऊन भाड्याच्या खोलीत एकटे राहणाऱ्या, दोन वेळा वडापावावर काढणाऱ्या मुलाला घरच्या आजीइतकी विचारपूस करणारे कुणी मिळाले, तर त्याचेही भलेच होईल.

तेव्हा प्राध्यापक मंडळींना सुचवावेसे वाटते, की चाळीस मुले एक दिवस नेण्यापेक्षा दहाच मुले वर्षभर पाठवा. प्रत्येकाचे आजी-आजोबा ठरलेले असावेत आणि आठवड्याची एक दुपार ठरलेली असावी. आधी वृद्धांचे कान आणि डोळे तपासून घ्या. कानातला मळ काढल्यावर किंवा मोतीबिंदूचे ऑपरेशन झाल्यावर बोलके झालेले कितीतरी लोक मी पाहिले आहेत. ऐकूच येत नसेल, तर मैत्री कशी व्हायची? मुलांनी समोर बसून, सावकाश बोलावे, ओरडू नये. सर्दी-खोकला असेल त्या दिवशी जाऊ नये. तरुणाचा चार दिवसांचा फ्लू ऐंशीच्या माणसाला जिवावर बेततो. खाऊ नेण्यापूर्वी आश्रमात विचारावे. पैशांची देवघेव दोन्ही बाजूंनी बंद. आणि 'तुमचे दुःख सांगा' असे म्हणत बसू नये. त्यापेक्षा निवृत्त मास्तरांकडून इंग्रजीचा निबंध तपासून घ्यावा, आजींकडून सदऱ्याचे बटण लावायला शिकावे.

परीक्षेच्या काळात मूल येणार नाही, हे महिनाभर आधी सांगावे आणि परत कधी येणार ती तारीख कॉटजवळच्या कालनिर्णयावर ठळक अक्षरांत लिहून ठेवावी.