जगाचा इतिहास नाशिकपासून शिकवावा

मा. संचालक,
महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ, पुणे यांस,



१९६७ साली स्थापन झालेल्या आपल्या मंडळाने महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांच्या मुलांपर्यंत अल्प मूल्यात नेटके पुस्तक पोहोचविण्याची जी व्यवस्था लावून दिली, तिच्याविषयी कृतज्ञ राहूनच हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे; कारण जगाचा इतिहास आमच्या वर्गांतून अद्यापि परक्या घराण्याची वंशावळ घोकावी तसा शिकविला जातो. युरोपातील प्रबोधन, वसाहतवाद, महायुद्धे, शीतयुद्ध ही प्रकरणे बारावीच्या पुस्तकात आहेत व ती असावयासच हवीत. परंतु त्यांतील सनावळी उत्तरपत्रिकेत उतरवून मोकळ्या होणाऱ्या विद्यार्थ्याला जगाच्या घडामोडींचे धागे आपल्याच जिल्ह्यातून गेले आहेत, याची वार्ताही नसते.

नाशिकचेच पाहा. येथील पांडवलेण्यांत इंद्राग्निदत्त नावाच्या एका उत्तरेकडील यवनाने, म्हणजे ग्रीकाने, कोरविलेले लेणे आहे. तेथेच क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखांत भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शूर्पारक येथील धर्मशाळांचा निर्देश आहे, आणि ७०,००० कार्षापण म्हणजे २,००० सुवर्ण असा हिशेबही आहे. एका सुवर्णास पस्तीस कार्षापण हा भाव मुलांनी स्वतः काढला, तर प्राचीन व्यापार हा शब्द त्यांना निराळा समजावून सांगावा लागणार नाही. १९०६ साली याच जिल्ह्यात जोगळटेंभी येथे नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली व त्यांपैकी नऊ हजारांवर नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटविला होता. अशा एका नाण्याचे मोठे छायाचित्र वर्गात फिरवावे, त्यावरील ग्रीक वळणाची अक्षरे, ब्राह्मी अक्षरे आणि नवा ठसा मुलांनी आपल्या डोळ्यांनी निवडून काढावा, आणि मग कोण आधी आले व कोण नंतर, हे त्यांनीच सिद्ध करावे. नाण्यांच्या अभ्यासाला वाहिलेली संशोधन संस्था अंजनेरीस आहे. हे साहित्य सिद्ध करण्याच्या कामी तिचे साह्य मागता येईल.

याहूनही मोलाचे उदाहरण अलीकडच्या काळातील आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन याचा वध केला. त्या प्रकरणाच्या ओघात लंडनमध्ये अटक झालेल्या, भगूरच्या विनायक दामोदर सावरकरांना ‘मोरिया’ बोटीने हिंदुस्थानात आणले जात असता ८ जुलै १९१० रोजी त्यांनी मार्सेय बंदरात समुद्रात उडी घेतली, फ्रान्सच्या भूमीवर पाय ठेवला, आणि फ्रेंच पोलिसाने त्यांना पकडून पुन्हा इंग्रजांच्या स्वाधीन केले. एवढी कथा महाराष्ट्रातील प्रत्येक मुलास ठाऊक असते. परंतु तिचा उत्तरार्ध, जो खरोखर जगाच्या इतिहासाचा भाग आहे, तो वर्गात क्वचितच येतो. फ्रान्सने हरकत घेतली, बेल्जियम, फ्रान्स, ब्रिटन, नॉर्वे व नेदरलँड्स येथील पाच पंचांपुढे हेग येथे दावा चालला, आणि २४ फेब्रुवारी १९११ रोजी निवाडा झाला की, कैदी सोपविण्यात अनियमितपणा घडला खरा, तथापि त्याला परत करण्याचे बंधन ब्रिटनवर नाही. आणि तोवर मुंबईत जन्मठेपेची शिक्षा ठोठावलीही गेली होती!

हा दावा वर्गात उभा करावा. काही मुलांनी फ्रान्सची बाजू मांडावी, काहींनी ब्रिटनची, पाच जणांनी पंच व्हावे. मूळ निवाड्याची मराठी प्रत त्यांच्या हाती शेवटी द्यावी, आधी नव्हे. आश्रयाचा हक्क, साम्राज्याचे बळ, दुबळ्या राष्ट्राच्या कैद्यासाठी दोन बलाढ्य राष्ट्रांनी भांडावे यातील हेतू, हे प्रश्न मुले आपण होऊन विचारतील. मृत कलेक्टर हा भारतीय पुराविद्येचा व्यासंगी होता, हेही त्यांच्यापासून लपवू नये. इतिहासातील माणसे एका रंगाची नसतात, हे कळण्यास पंधराव्या-सोळाव्या वर्षाहून योग्य वय दुसरे नाही.

शिक्षकांच्या तासिका मोजक्या आणि दप्तरी कामाचा बोजा मोठा, ही अडचण खरी आहे. म्हणूनच शिक्षकाने सर्व सामग्री स्वतः जमवावी, ही अपेक्षा अन्यायाची ठरेल. मंडळाने प्रत्येक जिल्ह्यासाठी तीस-चाळीस पृष्ठांची एक पुरवणी काढावी. तीत त्या जिल्ह्याचे शिलालेख मराठी भाषांतरासह, नाण्यांची छायाचित्रे, निवाडे व कागदपत्रांचे उतारे द्यावेत. परीक्षेत एक तरी प्रश्न असा असावा की, ज्यात अपरिचित मजकूर देऊन त्यावरून अनुमान मागितले जाईल, अशी शिफारस राज्य परीक्षा मंडळाकडे करावी. कारण ज्यास गुण नाहीत, त्यास शाळेत वेळ मिळत नाही.

ही तजवीज सर्व जिल्ह्यांत एकदम होणे कठीण असल्यास तिचा आरंभ नाशिक जिल्ह्यापासून करावा, आणि पुरवणीचा मसुदा शिक्षकांच्या अभिप्रायासाठी शाळांकडे पाठवावा, एवढी विनंती आहे.



आपला नम्र,
नाशिक येथील एक इतिहास-शिक्षक