बिनव्याजी हप्त्याचे व्याज

रमजानचा चाँद दिसायला अजून आठवडा असतो, तोच मोबाईलवर ‘रमजान धमाका’ दिसू लागतो. खजुरांची जाहिरात येते, अत्तराची येते, आणि हे समजण्यासारखे आहे. पण गेल्या दोन-तीन वर्षांपासून आम्हाला चंद्रकोर आणि मिनाराच्या चित्राखाली फ्रिज, ५५ इंची टीव्ही आणि दुचाकीसुद्धा दिसते आहे. खाली मोठ्या अक्षरांत ‘शून्य टक्के व्याज, शून्य डाउन पेमेंट’. जाहिरात करणाऱ्याला आपली माहिती चांगली असावी. व्याजाला आपण बिचकतो हे त्याला ठाऊक आहे, म्हणून तो आधी तेवढाच काटा काढून ठेवतो.

आमच्या सोलापुरात विजापूर वेशीजवळ रमजानचा मीना बाजार भरतो. बांगड्या, टोप्या, चपला, शेवया, मुलांचे कुर्ते. तरावीह झाल्यावर तिथे पाय ठेवायला जागा नसते. तिथला व्यवहार अजून बराचसा रोखीचा आहे, घासाघीसही यथेच्छ चालते. पण तिथून जरा पुढे काचेच्या दुकानात गेले की घासाघीस संपते. तिथला पोरगा विचारतो, ‘भाई, महिने का कितना जमेगा?’ वस्तूची किंमत काय, हा प्रश्न मागे पडतो. चोवीस हजार ऐकले की माणूस दचकतो, चार हजार ऐकले की मान डोलावतो.

आता हा ‘शून्य टक्के’ म्हणजे काय ते नीट पाहू. आम्ही गणित शिकवत नाही, पण एवढा हिशेब पाचवीतल्या मुलालाही जमेल. समजा, मोबाईलची किंमत २४,००० रुपये आणि सहा महिने ४,००० चा हप्ता. बेरीज बरोबर २४,०००. मग व्याज कुठे गेले? व्याज आहेच. बँक किंवा फायनान्स कंपनी दुकानदाराच्या हाती २४,००० ठेवत नाही, समजा २३,००० ठेवते. वरचे १,००० तिचे व्याज. ते दुकानदाराने किंवा मोबाईल बनवणाऱ्या कंपनीने सोसले असे कागदावर दाखवतात. पण हेच एक हजार रोखीने घेणाऱ्याला सूट म्हणून मिळू शकले असते. २३,००० रुपये सहा हप्त्यांत फेडताना एक हजार जादा, म्हणजे वर्षाचा दर पावणेपंधरा टक्क्यांच्या आसपास पडतो. शिवाय ‘प्रोसेसिंग फी’. ती १९९ रुपये धरली तर १८ टक्के जीएसटीसह २३५. आणि क्रेडिट कार्डावर हप्ते केले असतील तर त्या व्याजाच्या रकमेवरही १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी १८० रुपये. शून्याचे झाले चारशे पंधरा, आणि सुटलेली सूट वेगळी.

हा आमचा शोध नाही. रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ लाच बँकांना कळवले होते की शून्य टक्के व्याज असे काही नसतेच, अशा योजनांत व्याज बहुधा प्रोसेसिंग फीच्या पडद्याआड लपवून ग्राहकाकडूनच वसूल होते. त्यानंतर बँकांनी ‘शून्य टक्के’ ही पाटी उतरवली आणि ‘नो कॉस्ट’ची चढवली. दुकानदार अजूनही तोंडाने जुनेच नाव घेतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण आमच्याकडे दोन टोकांची माणसे भेटतात. एक म्हणतो, हप्ता म्हटला की हराम. दुसरा म्हणतो, लिहिलेच आहे शून्य टक्के, मग हलाल. दोन्ही घाईचे आहे. दुकानदाराने स्वतःची वस्तू उधारीवर विकली, किंमत सौदा होतानाच ठरवली, ती रोखीपेक्षा थोडी जास्त असली आणि ती हप्त्याहप्त्याने घेतली, तर बहुसंख्य उलेमा याला व्यापार मानतात. अट अशी की एकदा ठरलेली किंमत उशीर झाला म्हणून वाढता कामा नये. आमच्या लहानपणी गल्लीतला कपडेवाला वहीत लिहून कापड द्यायचा, दर जुम्याला दहा रुपये घेऊन जायचा. तो व्यापारच होता. मोबाईलच्या दुकानात मात्र तिसरा माणूस येतो. तो काही विकत नाही. तो पैसे देतो आणि जास्त पैसे घेतो, उशीर झाला की आणखी घेतो. कुरआनच्या सूरह बकरामध्ये (आयत २७५) व्यापार आणि व्याज यांना सारखे म्हणणाऱ्यांना जे उत्तर दिले आहे ते याच ठिकाणी लागू होते की नाही, हे आपल्या भागातल्या जाणत्या आलिमांना विचारावे. फतवा देणे आमचे काम नाही. पण विचारायला जाताना जाहिरात नेऊ नये, कराराचा कागद न्यावा.

हे सारे लिहिण्याचे कारण मोबाईल नाही. कारण नववीतला एक मुलगा आहे.

मराठीच्या तासाला आम्ही पत्रलेखन शिकवत होतो. ‘घरी पाहुणे आल्यामुळे शाळेत येता आले नाही’ असा रजेचा अर्ज लिहायला सांगितला. या मुलाने लिहिले, ‘हप्तेवाले आल्यामुळे येता आले नाही’. वर्ग हसला, तोही हसला. मधल्या सुट्टीत त्याला बाजूला घेतले तेव्हा कळले की वडील यंत्रमागावर कामाला आहेत. आठवड्याची मजुरी. ईदला मोठ्या मुलीच्या सासरचे येणार म्हणून सोफा घेतला, मग टीव्ही, मग मोबाईल. तिन्ही हप्त्यावर. मध्ये माग दीड महिना बंद राहिला. आता रोज फोन येतात. फोन हा मुलगा उचलतो. ‘बोल, अब्बा बाहर गये,’ असे वडील समोर बसून त्याला सांगतात. मुलगा आम्हाला म्हणाला, ‘सर, रोजे में भी बोलना पडता है.’

त्या वाक्यावर आम्ही काय बोलणार? आमच्याकडे उत्तर नव्हते.

बुखारीत एक हदीस आहे. प्रेषित मुहम्मद (स.) नमाजमध्ये कर्जापासून अल्लाहचा आश्रय मागत. कोणीतरी विचारले की आपण कर्जापासून इतक्या वारंवार आश्रय का मागता? त्याच्या उत्तराचा आशय असा की माणूस कर्जात अडकला की बोलताना खोटे बोलतो आणि वचन देऊन मोडतो. ही हदीस आम्ही कितीतरी वेळा वाचली, बयानात ऐकली. कर्जाचे नुकसान सांगताना आपण पैशांचे नुकसान सांगतो. इथे जिभेचे सांगितले आहे. आणि नववीतल्या मुलाच्या घरी ती जीभ वडिलांची राहिलेली नाही, मुलाची झाली आहे.

कर्ज म्हणजेच गुन्हा, असे मात्र कोणी समजू नये. खुद्द प्रेषितांचे (स.) चिलखत त्यांच्या निधनसमयी एका यहुदी माणसाकडे जवाच्या बदल्यात गहाण होते, असे ह. आयेशा (रजि.) सांगतात. घरच्या धान्यासाठी उसनवारी झाली होती. एखाद्या कर्जदाराचा जनाजा आला आणि मागे फेडीची सोय नसली की प्रेषित (स.) स्वतः नमाज पढवत नसत, सोबत्यांना पढायला सांगत. अशाच एका वेळी ह. अबू कतादा (रजि.) पुढे आले आणि म्हणाले की कर्ज माझ्याकडे लागले. तेव्हा नमाज पढवली गेली. पुढे हात मोकळा झाला तेव्हा कर्ज मागे ठेवून मरणाऱ्याची फेड प्रेषितांनी (स.) आपल्यावर घेतली. कर्ज इतके भारी, आणि ते एकट्याच्या खांद्यावर सोडायचे नाही, या दोन्ही गोष्टी एकाच घटनेत दिसतात. जकातीचे जे आठ हक्कदार सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत सांगितले आहेत, त्यांत कर्जाने दबलेलाही आहे. आमच्या मोहल्ल्यात जकात वाटताना विधवा आठवतात, मदरसे आठवतात. कर्जदार कोणाला आठवत नाही, कारण त्याच्या घरात नवा सोफा दिसतो. सोफा पाहून लोक म्हणतात, याला कशाची गरज! (सोफा विकून टाक म्हणणारेही पुष्कळ आहेत. त्यांनी एकदा जुन्या सोफ्याला किती येतात ते विचारून पाहावे.)

दोष कोणाचा? जाहिरातवाल्याचा आहेच. पण ‘पाहुणे काय म्हणतील’ हे वाक्य जाहिरातवाल्याने शिकवलेले नाही, ते आपल्या घरातले आहे. मुलीच्या सासरचे येणार म्हणून सोफा, लग्न आहे म्हणून जहेजची वॉशिंग मशीन, अकीकाला हॉल. निकाह साधा व्हावा हे जुम्याला ऐकायचे आणि शनिवारी दुकानात जाऊन विचारायचे की बारा महिन्यांवर जमेल का. ह. उमर (रजि.) यांनी मांस घेऊन निघालेल्या ह. जाबिर (रजि.) यांना हटकले होते की मनात आले ते ते तुम्ही विकत घेता काय? मांस हलाल होते, पैसेही स्वतःचे होते. तरी विचारले. आज आम्हाला असे कोणी हटकले तर आम्ही त्याच्याशी बोलणे सोडू.

आता ज्यांनी आधीच सही केली आहे किंवा दवाखाना, फी अशा अडचणीपायी करावी लागणार आहे, त्यांच्यासाठी थोडे. कुरआनातली सर्वांत लांब आयत (सूरह बकरा, २८२) उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. लिहायचे तेव्हा वाचायचेही आलेच. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार हप्त्याने फेडायच्या किरकोळ कर्जाआधी बँकेने किंवा फायनान्स कंपनीने एक ‘मुख्य तथ्य पत्रक’ द्यायचे असते. त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर, सगळे शुल्क आणि दंड लिहिलेले असतात. ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत असले पाहिजे आणि समजावून सांगितले पाहिजे. मराठी किंवा उर्दू मागा. आम्ही मागून पाहिले, दुकानातल्या पोराने आमच्याकडे असे पाहिले की जणू आम्ही त्याचा मोबाईल मागितला. पण पत्रक मागवून दिले, इंग्रजीत का होईना. त्यातला दर ‘शून्य’ नव्हता. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीला मात्र हे पत्रक लागू नाही, तेव्हा तिथे अधिक जपून.

मोबाईल अॅपवरून कर्ज घेतले असेल तर सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा आकार भरून, दंडाशिवाय बाहेर पडता येते. ती मुदत किती ते पत्रकात असते. आणि हप्ता चुकला तर दंडाची रक्कम मुद्दलात मिळवून तिच्यावर पुन्हा व्याज लावायला रिझर्व्ह बँकेने मनाई केली आहे. घरी येऊन किंवा फोनवर शिवीगाळ, धमकी, शेजाऱ्यांना सांगणे याचीही मनाई आहे. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी, तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, तिथे फी लागत नाही.

आणि हप्त्याशिवाय मोठी वस्तू घेताच येत नाही का? आपल्या आयांना विचारा. त्या भिशी लावत. बारा घरे, दर महिन्याला प्रत्येकी २,०००, चिठ्ठी निघेल त्या घराला २४,०००. पहिल्या महिन्यात ज्याला मिळाले त्याला अकरा घरांनी बिनव्याजी उसने दिले, शेवटच्याची अकरा महिन्यांची बचत झाली. कोणी एक रुपया जास्त दिला नाही, कोणी कमी घेतला नाही. फक्त लिलावाची भिशी टाळावी. तिथे गरजवंत २१,००० वर राजी होतो आणि उरलेले तीन हजार बाकीचे वाटून घेतात. घेतो एकवीस, भरतो चोवीस. नाव भिशीचे, काम सावकाराचे. मोठ्या प्रमाणावर हेच बिनव्याजी कर्जाचे काम देवबंदचा मुस्लिम फंड १९६१ पासून करत आला आहे. आपल्याकडे एवढे मोठे काही लगेच उभे राहणार नाही, पण एका मशिदीच्या पेटीतून चार घरांना कर्जे हसना देता येते, आणि सूरह बकराची २८० वी आयत अडचणीतल्याला सवड द्यायला सांगते, तर सवडही देता येते.

त्या मुलाच्या वडिलांशी आम्ही ईदनंतर बोललो. सोफा फिटला आहे, टीव्हीचे चार हप्ते उरले आहेत, मोबाईलचे दोन. मोहल्ल्यातल्या चार-पाच जणांनी मिळून भिशी लावायचे ठरवले आहे, पहिली चिठ्ठी सर्वांच्या संमतीने त्यांच्या नावे, म्हणजे फायनान्सवाल्याचे एकदम मिटेल आणि पुढे देणे राहील ते शेजाऱ्यांचे. आतापर्यंत अकरा घरे झाली आहेत. बारावे घर शोधतो आहोत.